हंगाम कुणाचा? ट्राउट, खुदरी आणि 'न पकडण्याच्या' दिवसांचा इतिहास

१/
जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. मृगाचा पाऊस सातपुड्यावर कोसळतो, मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा नदी गढूळ होते आणि तिचे पाणी चढू लागते. नाचणगावाशेजारच्या पुलगावपाशी ही नदी वाहते. अशा दिवसांत विदर्भातल्या नदीनाल्यांवर माणसे जाळी आणि बांबूचे सापळे घेऊन उभी राहतात, कारण मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत असतात. कोकणात यालाच 'वलगण' म्हणतात. मासेमारीच्या हंगामाची ही आपली सुरुवात.

२/
त्याच सुमारास काश्मीरमध्ये ३,७०० मीटर उंचीवरच्या विशनसर तलावाचे बर्फ नुकतेच वितळत असते. काठावर एखादा शौकीन लांब, लवचीक गळकाठी घेऊन उभा असतो. त्याच्या गळाला गांडूळ नसते, कणकेची गोळी नसते. असते ती पिसांची आणि धाग्यांची बनवलेली खोटी माशी. तोही हंगामाची सुरुवात साजरी करत असतो.

दोन्हीकडे शब्द एकच, 'हंगाम'. अर्थ मात्र परस्परविरुद्ध आहेत. आजचा धागा या विरोधाविषयी आहे.

३/
प्रथम त्या खोट्या माशीविषयी. ही युक्ती इंग्रजांची नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेला रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातील लोकांची एक रीत नोंदवली आहे. गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून, तिला कोंबड्याच्या मानेची पिसे बांधून ते नदीतले ठिपकेदार मासे पकडत. खरी माशी हातात धरली की तिचा रंग उडतो, पंख मोडतात. म्हणून तिची प्रतिकृती करायची. आज 'फ्लाय फिशिंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलेचे मूळ तत्त्व हेच आहे.

४/
या कलेत एक भौतिकशास्त्रीय अडचण असते. पिसाच्या माशीला वजन नसते. ती फेकली तरी पुढे जात नाही. म्हणून वजन गळात न ठेवता दोरीत ठेवतात. जाड, भारदस्त दोरी काठीच्या झटक्याने हवेत मागे-पुढे उलगडते आणि आपल्याबरोबर माशीला नेऊन पाण्यावर अलगद टेकवते. माशाला वाटते, एखादा कीटकच पाण्यावर उतरला.

५/
आता पर्वतीय तलावातला पहिला बहर. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते. बर्फाखालचे वरच्या थरातले पाणी त्याहूनही थंड, म्हणून हलके असते. बर्फ वितळले की ते तापत तापत ४ अंशांवर येते, जड होते आणि खाली बसू लागते. वाऱ्याच्या साहाय्याने सारा तलाव घुसळून निघतो. प्राणवायू तळाशी जातो, तळाची पोषकद्रव्ये वर येतात. काठाचे उथळ पाणी सर्वांत आधी ऊबदार होते आणि तिथे चिलटांसारख्या कीटकांच्या अळ्या-कोष जागे होतात. हिवाळाभर उपाशी राहिलेला ट्राउट त्यांच्यासाठी थेट काठाशी येतो. म्हणूनच हे दिवस गळवाल्यांना सर्वांत प्रिय.

६/
पण त्यांना या वेळी मासा धरण्याची मुभा का असते? कारण तपकिरी ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस, हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालतो. नदीच्या वाळू-खड्यांत ती अंडी थंडीभर पडून असतात. तेवढा काळ मासेमारी बंद. काश्मीरमध्ये ट्राउटचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो, तो याच हिशोबाने. हंगाम उघडतो तेव्हा माशाने पुढची पिढी जन्माला घातलेली असते.

म्हणजे हंगाम ठरतो तो पकडण्याच्या दिवसांवरून नव्हे, न पकडण्याच्या दिवसांवरून.

७/
हा मासा मात्र हिंदुस्थानचा नव्हे. तो इथे आणला गेला, आणि आणताना भल्याभल्यांची दमछाक झाली. मद्रास सैन्यातील शल्यवैद्य आणि पुढे 'फिशेस ऑफ इंडिया' या ग्रंथाचे कर्ते झालेले फ्रान्सिस डे यांनी १८६३ साली निलगिरीसाठी ट्राउटची अंडी आणण्याचा प्रयत्न केला. तो फसला. सुएझ कालवा अजून खुला व्हायचा होता. तो १८६९ चा. उष्ण कटिबंध ओलांडेपर्यंत अंडी जिवंत ठेवायची कशी, हाच प्रश्न होता.

८/
त्याचे उत्तर दुसऱ्याच एका वसाहतीसाठी सापडले. १८६४ साली 'नॉरफोक' या जहाजातून बर्फाच्या कोठारात, ओल्या शेवाळात गुंडाळलेली सामन आणि ट्राउटची अंडी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली आणि टास्मानियात जिवंत पोहोचली. थंडीत अंड्यातील गर्भाची वाढ मंदावते. ओलावा आणि हवा मिळाली की तो पाण्याबाहेरही तग धरतो. 'ओले शेवाळ' हा तपशील लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला लोणावळ्यात भेटणार आहे.

९/
काश्मीरची कथा १८९९ ची. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी भेट म्हणून पाठवलेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच नष्ट झाली. १९०० च्या अखेरीस दुसरी खेप पोहोचली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांनी या कामात पुढाकार घेतला. दाचीगामच्या थंड प्रवाहांत पिल्ले वाढली आणि तिथून ट्राउट काश्मीरभर पसरला. १९०९ मध्ये तो काश्मीरमधून कुलूच्या बियास खोऱ्यात गेला. आज 'ग्रेट लेक्स' ट्रेकवर जाणारे मराठी तरुण विशनसर, कृष्णसर, गंगाबल इथे ज्या माशाची छायाचित्रे काढतात, तो सव्वाशे वर्षांपूर्वी आलेला पाहुणा आहे.

१०/
निलगिरीतही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेन्री विल्सन यांच्या प्रयत्नांनी ट्राउट स्थिरावला. तो इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे 'रेनबो'. मग सह्याद्रीत का नाही? उत्तर तापमापकात आहे. ट्राउटला दहा ते पंधरा अंशांचे पाणी मानवते; पंचवीसच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. निलगिरीचे दोड्डबेट्टा २,६३७ मीटर उंच आहे, तर महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर. आपले चिखलदरा तर साधारण अकराशे मीटरवर. आपल्या उन्हाळ्यात इथले एकही तळे ट्राउटला सोसणारे नाही.

११/
तेव्हा सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या पाण्यांना ना हा परका मासा मिळाला, ना त्याच्याबरोबर आलेले ते कडक वेळापत्रक. पण आपल्याकडे 'न पकडण्याचे दिवस' नव्हतेच, असे समजू नका. त्यासाठी थेट इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात जावे लागेल.

सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख पाहा. राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीच्या या लेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. त्याचबरोबर चातुर्मासाच्या पौर्णिमांना, तिष्य पौर्णिमेला आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. हेतू धार्मिक होता, पण मासेमारीवरच्या कालबद्ध बंदीचा इतका जुना राजलेख जगात क्वचितच सापडेल.

१२/
दख्खनकडे या. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या कारकिर्दीत, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध झाला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो जुन्या मराठी पद्यखुणांसाठी परिचित आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे: माशांचे प्रकार, गळकाठी, दोरी, गळ, आणि कोणत्या माशाला कोणते आमिष घालावे याचे विवेचन. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे वैज्ञानिकांचे लक्ष वेधले. छंद म्हणून गळ टाकणे ही साहेबाने शिकवलेली गोष्ट आहे, हा समज इथेच गळून पडतो.

१३/
राजाज्ञा आणि राजविनोद यांच्या पलीकडे लोकांचीही एक व्यवस्था होती. श्रावणात अनेक घरांत मासे वर्ज्य. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पून मगच होड्या लोटतात. आपल्या बहुतेक नदीमाशांच्या प्रजननाचे दिवसही पावसाळ्याचेच. ही रीत माशांच्या रक्षणासाठीच निर्माण झाली, असे छातीठोकपणे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण तिचा एक परिणाम तसा होत असे, एवढे निश्चित.

१४/
दुसरी व्यवस्था डोहांची. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे हे ठाणे. डोहातले मासे देवीचे, म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. भाविक उलट त्यांना खाऊ घालतात. देहूच्या इंद्रायणीकाठीही माशांना असेच अभय. उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा मोठी, अंडी देणारी माशीण अशा खोल डोहातच तग धरते आणि पहिल्या पुराबरोबर तिथूनच वर चढते. अशोकाने 'केव्हा पकडू नये' हे सांगितले. देवडोहांनी 'कुठे पकडू नये' हे सांगितले.

१५/
या डोहांचा राजा म्हणजे महसीर. १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी जमवण्यासाठी नेमलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यातून मिळालेल्या महसीराचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले आणि त्याला नाव दिले 'खुद्री'. शब्द इथल्या लोकांच्या तोंडचा, खुदरी. साइक्स यांनी अशी अनेक नावे स्थानिक बोलीतून उचलली: 'कोलस', 'मुल्या', 'नुक्ता'. लॅटिन शब्दांच्या पंगतीत बसलेली ही नावे पाहिली की लक्षात येते, मासा साहेबाने 'शोधला' तेव्हा त्याला ओळखणारे कितीतरी जण आधीच नदीत उभे होते. त्यांची नावे मात्र त्या ग्रंथात नाहीत.

१६/
पुढच्या अर्धशतकात हे मासे रोडावल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. १८७३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. बारीक आसाची जाळी पिल्लांचा कसा नाश करतात, हे त्यात होते. आणि मंगळूरहून एच. एस. थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक निघाले. त्यात महसीराचे कौतुक काठोकाठ भरले होते. त्यानंतर १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा आला. पाण्यात सुरुंग फोडणे आणि विष कालवणे गुन्हा ठरले. बंदीचे दिवस ठरवण्याचे काम मात्र त्याने प्रांतिक सरकारांच्या मर्जीवर सोपवले.

म्हणजे पाहुण्या ट्राउटला पहारेकरी, परवाने आणि बंद हंगाम. घरच्या खुदरीला केवळ 'सुरुंग लावू नका' एवढाच दिलासा.

१७/
विसाव्या शतकात सह्याद्रीला आपले पर्वतीय तलाव मिळाले, पण ते निसर्गाने दिले नाहीत. १९११ मध्ये लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज पोहोचली. वळवण, शिरवटा, पुढे मुळशी अशी धरणे उभी राहिली. मुळशीसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दिलेला लढा आपण जाणतोच. बुडालेल्या शेतांची चर्चा झाली. अडलेल्या नद्यांतल्या माशांची झाली नाही. भिंत उभी राहिली की खालचा मासा वर चढू शकत नाही.

१८/
या गोष्टीला एका मराठी शास्त्रज्ञाने कलाटणी दिली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे नाव इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावे असे आहे. १९४० मध्ये मुंबई परिसरातल्या एका इवल्याशा माशाची नवी प्रजाती त्यांनी जगापुढे आणली होती. १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या टाटा तलावाकाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली खुदरीच्या कृत्रिम प्रजननाला आरंभ झाला. पावसाळ्यात तलावातून ओढ्यांकडे चढणारी पक्व माशीण अलगद धरायची, पोट हलके दाबून सोनेरी अंडी काढायची, त्यांत नराचे रेत मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या ताटांत ती ठेवायची. ट्राउटच्या अंड्यांना कित्येक आठवडे लागतात. खुदरीची पिल्ले काही दिवसांतच बाहेर पडतात.

१९/
आणि मग आठव्या भागातले ते शेवाळ. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की महसीराची फळलेली अंडी ओल्या कापसात ठेवली तर पाण्याशिवायही दूरवर नेता येतात. १८६४ मध्ये शेवाळाने जे काम केले, तेच शंभराहून अधिक वर्षांनी कापसाने केले. नाचणगाव-पुलगावच्या कापूसपट्ट्यातल्या वाचकाला या तपशिलाचे विशेष अप्रूप वाटावे. लोणावळ्याची अंडी आणि पिल्ले अनेक राज्यांत पोहोचली. एका नदीमाशाला मरणाच्या दारातून मागे खेचणारा हा आपल्या भूमीतला मोलाचा प्रयोग होता.

२०/
इथे थांबलो असतो तर धागा सुखान्त झाला असता. पण इतिहासाची पुढची पाने वाचावीच लागतात.

लोणावळ्याची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून दुसरा महसीर नांदत होता: पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी पिसाऱ्याचा, महाकाय. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, विक्रमी मासा प्रसिद्धच आहे. निळ्या परांची खुदरी कावेरीत फोफावली आणि हा मूळचा मासा झपाट्याने मागे पडला. त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली तीच मुळी २०१८ मध्ये. त्याच वर्षी 'अतिसंकटग्रस्त' हा शिक्काही त्याच्यावर बसला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांचाही त्यात वाटा आहे. पण खुदरीचा वाटा नाकारता येत नाही.

२१/
काश्मीर आणि हिमाचलात परक्या ट्राउटने स्थानिक असेल्याशी अन्न आणि जागा यांसाठी स्पर्धा केली. कावेरीत तीच गोष्ट आपल्या लाडक्या खुदरीकडून घडली. दोन्ही ठिकाणी पाणी 'समृद्ध' करण्याचीच भावना होती. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मात्र दोन्हीकडे एक प्रश्न विचारायचा राहिला: या पाण्यात आधीपासून कोण राहतो, आणि त्याचे वेळापत्रक काय आहे?

देवडोहांनी नवा मासा आणला नाही. त्यांनी होता त्याला फक्त राहू दिले.

२२/
आता पुन्हा वर्धेच्या काठी येऊ. ट्राउटचा हंगाम उघडतो तो अंडी घालून झाल्यावर. आपला 'हंगाम' नेमका अंडी घालायला निघालेल्या माशांच्या वाटेवर उघडतो. चढणीचा मासा पोटात हजारो अंडी घेऊन चाललेला असतो. पूर्वी ढीवर-भोई समाजाची मोजकी जाळी होती आणि नदी अखंड होती; काही मासे हाती लागले तरी उरलेले पार होत. आज जाळी नायलॉनची आणि बारीक आसाची आहेत. सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा आणि आर्वी तालुक्यात निम्न वर्धा धरणाची भिंत उभी आहे. मासा वर जाणार कुठे?

२३/
समुद्रासाठी महाराष्ट्राने यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असा बंदीचा काळ ठरवून दिला आहे. नदीनाल्यांवरच्या त्या पहिल्या पुराच्या आठवड्यांविषयी मात्र गावागावांत मनापासून पाळला जाणारा संकेत फारसा उरलेला नाही. ज्यांची चूल मासेमारीवर पेटते त्यांच्यावर याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. पहिल्या पुराला हौसेखातर उतरणाऱ्यांनी तरी ते दोन-तीन आठवडे नदीला सोडून द्यावेत.

२४/
अशोकाला हे धर्म म्हणून कळले, वाळणकोंडच्या गावकऱ्यांना श्रद्धा म्हणून कळले, काश्मीरच्या संस्थानाला शिकारीचा शौक म्हणून कळले, कुलकर्णींना विज्ञान म्हणून कळले. चौघांच्या भाषा वेगळ्या, निष्कर्ष एकच: नदीला आपला हात काही काळ आवरता घेणारा माणूस हवा असतो.

आपल्या गावाजवळ असा एखादा डोह, असा एखादा 'न पकडण्याचा' दिवस वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असेल तर विचारून पाहा आणि लिहून ठेवा. पुढच्या मृगाआधी. (धागा समाप्त)